वाणातली कुलपं

माझी मुलगी अकरावीत असताना, ऑक्टोबरमध्ये, तिच्या ऑर्केस्ट्रातला एक मुलगा गेला. दोघंही व्हायोला वाजवायचे, व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य. एका स्टँडवर दोघांचं नोटेशन असायचं आणि पानं उलटायचं काम त्याचं. शाळेकडून पालकांना ईमेल आला, त्यात अनपेक्षित निधन एवढाच उल्लेख होता. मी आणि बायको आधी अपघात समजलो. मग वाटलं, काही आजार असेल. संध्याकाळी मुलगी घरी आली, बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, त्याच्या आजोबांची गन होती. क्लॉझेटमध्ये. लॉक्ड नव्हती."

एवढं सांगून ती वर गेली. बुटांचा चिखल पायऱ्यांवर तसाच राहिला. बायकोने त्या दिवशी तो पुसला नाही.

आम्ही मिनेसोटात राहतो, मिनिआपोलिसच्या बाहेरच्या एका उपनगरात. मी नागपूरचा, बायको पुण्याची. माझ्या कंपनीने इथे पाठवलं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तळी, सायकलींचे रस्ते, चांगल्या शाळा, शनिवारी मराठी शाळा, वर्षातून चार-पाचदा मंडळाचे कार्यक्रम, आणि ग्रीन कार्डाची न हलणारी रांग. अमेरिकेत बंदुका आहेत हे आम्हाला माहीत होतंच. टीव्हीवर एखाद्या शाळेची बातमी लागली की ते गाव आपल्यापासून किती लांब आहे हे मी फोनवर बघायचो. मुलगी केजीपासून लॉकडाउन ड्रिल करत आलेली. दिवे घालवायचे, दारापासून लांब कोपऱ्यात गप्प बसायचं. पहिल्यांदा केलं त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली होती, "आज आम्ही उंदीर-उंदीर खेळलो." आम्हाला भीती होती ती कोणीतरी बाहेरून शाळेत शिरेल याची. एखाद्या घरातलं कपाट आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या मुलाला एक बहीण होती, त्याच्याहून एका वर्षाने मोठी, बारावीत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तिने माझ्या मुलीला मेसेज केला. दोघी लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत भेटल्या. पुढच्या आठवड्यात तिसरी एक मुलगी आली, वादविवादाच्या टीममधली, सोमाली घरातली, हिजाब घालणारी, माझ्यापेक्षाही उंच. तिचा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी शहरात बसस्टॉपवर उभा असताना दुसऱ्याच कोणासाठी झाडलेल्या गोळीने मेला होता. एवढ्याच तिघी. पुढे पाच-सहा मुलं येऊन-जाऊन असायची, पण शेवटपर्यंत टिकल्या त्या या तिघी.

त्यांना गाडीतून न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या मुलीला लायसन्स नुकतंच मिळालं होतं. पहिले सहा महिने गाडीत एकापेक्षा जास्त मित्र-मैत्रिणी बसवायला परवानगी नव्हती. उंच मुलीच्या घरी गाडी एकच, ती तिच्या वडिलांच्या कामात. आणि त्या बहिणीने भाऊ गेल्यापासून गाडी चालवणं सोडलं होतं. का, ते कोणी विचारलं नाही. त्यामुळे दर मंगळवारी ऑफिस संपलं की मी आमची मिनीव्हॅन काढायचो. तिघी मागे बसायच्या. आपण पुढे बसून गाडी चालवत असलो की मुलं आपल्याला विसरतात. मला त्यांचं सगळं ऐकू यायचं.

सुरुवातीला त्या मोठमोठं बोलायच्या. कायदे, मोर्चा, आमदारांना फोन. उंच मुलगी तर आवेशात यायची. एक दिवस ती बहीण म्हणाली, "मला कायदा नकोय. मला फक्त एवढंच हवंय की या गावातल्या प्रत्येक घरात ते कुलपात असावं. बस." मग माझी मुलगी म्हणाली, "ओके. मग तेवढंच करू."

आणि त्यांनी खरोखर तेवढंच धरलं. पोलीस स्टेशनात बंदुकीची कुलपं फुकट मिळतात हे उंच मुलीने शोधून काढलं. जाड तार असते, ती बंदुकीच्या आतून ओवायची आणि कुलूप लावायचं, मग त्यात गोळी भरताच येत नाही. मी त्यांना घेऊन गेलो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने तिघींकडे पाहिलं, बहिणीला ओळखलं असावं, कारण काही न विचारता आत गेला आणि एक भरलेलं खोकंच घेऊन आला. "संपली की परत या," म्हणाला. खोकं मी उचललं. चांगलंच जड होतं.

पहिलं टेबल त्यांनी लावलं एका किराणा दुकानाच्या आतल्या दाराशी, मॅनेजरच्या परवानगीने. वर हाताने रंगवलेला बोर्ड: 'फुकट कुलूप. कोणतेही प्रश्न नाहीत.' मी थोडा लांब सामानाच्या ढकलगाड्यांच्या रांगेशी उभा राहायचो. लोक वाईट नव्हते. बहुतेक जण हसून पुढे जायचे, कोणी "गुड फॉर यू गर्ल्स" म्हणायचे. एक म्हातारा थांबला, शिकारीची टोपी घातलेला. म्हणाला, "पोरींनो, तुमचं काम चांगलं आहे. पण माझ्या घरी गरज नाही. माझी मुलं त्यातच वाढलीत, त्यांना शिस्त आहे."

बहीण म्हणाली, "माझ्या भावालाही होती, सर."

तो तिच्याकडे बघत राहिला. टोपी काढली. "आय अ‍ॅम सॉरी," म्हणाला. पण कुलूप न घेताच गेला. माझ्या मुलीला त्याचा फार राग आला. गाडीत ती म्हणत राहिली, "त्याला समजलं होतं! बाबा, यू सॉ हिज फेस. त्याला समजलं होतं आणि तरी त्याने नाही घेतलं."

मग आइस हॉकीच्या रिंकवर टेबल लावलं, लायब्ररीत लावलं, एका चर्चच्या तळघरात लावलं. खोकं काही संपेना. ऑफिसात माझ्याच टीममधल्या एका हैदराबादच्या मित्राने टेबलाचा फोटो कुठेतरी पाहिला. कॉफीच्या मशीनशी गाठून म्हणाला, "यार, व्हिसावर आहोत आपण. मुलीला कशाला या पॉलिटिक्समध्ये?" मी म्हटलं, यात पॉलिटिक्स कुठे आहे, कुलूप आहे. तो म्हणाला, "इथे कुलूपपण पॉलिटिक्सच आहे." त्याचं अगदीच चूक नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "मग काय, थांबव म्हणू तिला? तू म्हण. मी नाही म्हणणार." मीही म्हटलं नाही.

संक्रांतीची कल्पना बायकोची. जानेवारीत मंडळातल्या वीस-पंचवीस बायकांचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. बाहेर उणे तापमान, दाराशी बुटांचा आणि जाड कोटांचा ढीग, आत काळ्या साड्या आणि हलव्याचे दागिने. दर वर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी नाही तर प्लॅस्टिकचा डबा. बायको म्हणाली, "या वर्षी कुलपं लुटायची."

मला आधी चेष्टाच वाटली. पण तिने आणि मुलीने मिळून प्रत्येक कुलपाला लाल रिबीन बांधली, सोबत तिळगुळाची पुडी. तिघीही आल्या होत्या. बायकोने त्या बहिणीला कुंकू लावायच्या आधी विचारलं, चालेल का. ती म्हणाली, चालेल. तिने तिळाचा लाडू खाल्ला आणि दातात अडकला म्हणून हसली. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वाण हातात पडलं तशा बायका गोंधळल्या.

"अगं, हे काय? सायकलचं कुलूप?"

"बंदुकीचं," बायको म्हणाली.

"अगं बाई! आपल्यात कोणाकडे असतं हे?"

हशा पिकला. मग माझ्या मुलीने उभं राहून दोन-तीन मिनिटांत सांगितलं, थोडं मराठीत, बरंचसं इंग्रजीत. आपल्याकडे नसेल, पण मुलं ज्यांच्या घरी खेळायला जातात त्यांच्याकडे असेल. विचारा. लाजू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारता ना, तसं विचारा. बायका शांत झाल्या. एक काकू डोळे पुसत होत्या. जाताना प्रत्येकीने तिघींना जवळ घेतलं.

शेवटी एक जण मागे रेंगाळली. नवरा मोठ्या कंपनीत आर्किटेक्ट, दोन मुलगे. स्वयंपाकघरात येऊन बायकोला हळूच म्हणाली, "अजून एक मिळेल का गं? ह्याने दोन घेतल्यात. मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जातो ना. एक बेडच्या बाजूच्या ड्रॉवरमध्येच असते."

बायकोने तिला आणखी एक दिलं. त्या रात्री जेवताना आमच्या घरात किती आनंद होता! मुलगी सारखी म्हणत होती, "दोन, आई! ॲट लीस्ट दोन लॉक होणार." मी नुसता तिच्याकडे बघत होतो. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

मेमध्ये मंडळाची पिकनिक झाली तेव्हा झाडाला टेकवून ठेवलेल्या मुलांच्या सायकलींना आमची कुलपं होती. एकीवर लाल रिबीनही तशीच. त्या आर्किटेक्टच्या बायकोला माझ्या बायकोने बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "ह्याला आवडलं नाही. म्हणतो, चोर आला तर मी किल्ली शोधत बसू का?" आणि पोळीच्या रोलचं ताट घेऊन दुसरीकडे गेली.

पण ते पुढचं. त्याआधी गावातल्या शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाचं सांगायला हवं.

दर वर्षी शाळा सुरू होताना पालक काही माहितीपत्रकं वाचून सही करतात: लसी, बस, फोन वापरायचे नियम. तिघींचं म्हणणं एवढंच होतं की त्यात एक वाक्य घाला. घरात बंदूक असेल तर ती कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा. फेब्रुवारीच्या बैठकीत बोलायची परवानगी मिळाली. प्रत्येकी तीन मिनिटं. समोर वेळ दाखवायला दिव्यांचा छोटा खांब, हिरवा, पिवळा, लाल. मी आणि बायको शेवटच्या रांगेत बसलो होतो.

उंच मुलगी उत्तम बोलली. माझी मुलगी भरभर बोलली, पण नीट. मग बहीण उठली. हातात लिहून आणलेला कागद होता, तो तिने अर्धा वाचला आणि खाली ठेवला.

"माझ्या भावाला त्याचे मोजे कधी सापडायचे नाहीत," ती म्हणाली. "रोज सकाळी ओरडायचा. पण ती कुठे आहे हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही सहा-सात वर्षांचे असल्यापासून."

पिवळा दिवा लागला होता. ती आणखी काही बोलणार असं वाटलं, पण ती नुसती उभी राहिली. दिवा लाल झाला तेव्हा अध्यक्ष बाईंनी अगदी हळू आवाजात तिचे आभार मानले.

नंतर विरोधातले लोक बोलले. तेही आपल्यासारखेच आई-बाप. एक आई म्हणाली की या मुलींबद्दल तिला मनापासून वाईट वाटतं, पण तिच्या घरात काय आहे यात शाळेने डोकावू नये. एक जण म्हणाला, आज एक वाक्य, उद्या झडती. कोणी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. निदान कोणाशी भांडतो आहोत ते तरी कळलं असतं. बोर्डाने विषय एका समितीकडे दिला.

समितीचा निर्णय एप्रिलमध्ये आला. वाक्य घालायचं ठरलं होतं. 'कुटुंबांनी घरातल्या सुरक्षिततेबद्दल मुलांशी बोलावं, असं आम्ही सुचवतो.' बंदूक हा शब्दच त्यात नव्हता. त्याच बैठकीत दारांसाठी गोळीला टिकणाऱ्या नव्या काचा आणि प्रत्येक वर्गात रक्त थांबवायच्या पट्ट्यांची पेटी मंजूर झाली. उंच मुलगी गाडीत म्हणाली, "म्हणजे आम्हाला गोळी लागेल हे त्यांनी धरूनच चाललंय." ती पुन्हा आवेशात आली नाही. काही आठवड्यांनी तिच्या वडिलांना दुसऱ्या गावी काम मिळालं आणि ते कुटुंब उन्हाळ्यात तिकडे गेलं.

या दोन बैठकांच्या मधल्या काळात, मार्चमध्ये, जे झालं ते मी बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. एका मंगळवारी उंच मुलगी आजारी होती. मागे दोघीच होत्या. रस्त्यावर बर्फ पडत होता आणि मी हळू चाललो होतो. बहीण सहज बोलावं तशी म्हणाली, "ती परत आली."

"काय परत आलं?" माझ्या मुलीने विचारलं.

"गन. पोलिसांनी परत दिली. केस बंद झाली ना. डॅडने जाऊन आणली. त्याच क्लॉझेटमध्ये ठेवलीय. मी त्याला कुलूप दिलं. त्याने लावलं नाही."

आरशात मला माझ्या मुलीचं तोंड दिसलं. तिने मैत्रिणीचा हात धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. आपला बाप यावर काहीतरी करेल अशा नजरेने.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मुलगी त्या घरात झोपते! तू जाऊन बोल त्या माणसाशी. बाप बापाशी बोलेल तसं बोल."

शनिवारी सकाळी गेलो. तो ड्राइव्हवेवर मशीनने बर्फ काढत होता. घरांच्या हीटरची, एसीची दुरुस्ती करायचा त्याचा व्यवसाय. धिप्पाड, लाल दाढीचा माणूस. मला बघून त्याने मशीन बंद केलं.

"तिने पाठवलं तुला?"

"नाही," मी म्हणालो. "मी माझा आलोय."

मी घरून येताना वाक्यं जुळवून आलो होतो. त्यातली दोन-तीन बोललो. मुलगी घाबरते. माझ्या बायकोला झोप येत नाही. पोलिसांकडे परत देऊन टाकता येईल, मी बरोबर येतो. तो हातमोजे घातलेले हात मशीनवर ठेवून ऐकत होता.

"कुलूप आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "किचनच्या ड्रॉवरमध्ये. मी लावून बघितलं होतं."

"मग?"

"किती वेळ लागतो माहितीय तुला? अर्धं मिनिट. तेवढाही नाही." तो थांबला. बर्फ त्याच्या दाढीवर पडत होता. "मी ते लावलं आणि समोर बसलो. आणि मला ते बघवेना. अर्धं मिनिट, मॅन. मग मी ते काढलं."

मी म्हणालो, "मग घरातूनच काढून टाक."

"माझ्या वडिलांची आहे ती. आणि..." त्याने घराकडे पाहिलं. "त्याने शेवटची हातात धरलेली वस्तू आहे. ती मी एखाद्या काउंटरवर ठेवून येऊ?"

आमच्याकडे कोणी गेलं की भेटायला जातात, जवळ बसतात, काही बोलावं लागत नाही. इथे मी उभा होतो आणि बसायला जागा नव्हती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला. मग "थँक्स फॉर कमिंग बाय" म्हणाला आणि मशीन सुरू केलं. मी गाडीत जाऊन बसलो. तो ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत तसाच बसून होतो.

बायकोने त्या मुलीला आमच्याकडे राहायला बोलावलं. पूर्ण नाही, पण शुक्रवार-शनिवार ती येऊ लागली. बायको तिच्यासाठी पोह्यांत मिरची घालायची नाही. ती माझ्या मुलीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायची. व्हायोलाच्या आवाजाने तिला त्रास होईल म्हणून माझी मुलगी ती असताना वाजवायची नाही. एकदा तीच म्हणाली, वाजव ना. मुलीने वाजवलं. मी खाली उभा राहून ऐकलं.

जूनमध्ये तिचं ग्रॅज्युएशन झालं. तिने कॉलेजचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला आणि ती उत्तरेला आत्याकडे राहायला गेली, एका बेकरीत कामाला लागली. जायच्या दिवशी घरासमोर तिच्या बापाने बॅगा गाडीत ठेवल्या, आम्ही तिघं उभे होतो. तिने माझ्या बायकोला मिठी मारली आणि म्हणाली, "ती अजून तिथेच आहे. पण निदान मी नसेन." पहिले दोन महिने तिचे मेसेज यायचे, ब्रेडचे फोटो यायचे. मग कमी झाले. माझी मुलगी म्हणते, तिने नंबर बदलला असावा. असेल.

बारावीत माझी मुलगी एकटीच उरली. सप्टेंबरमध्ये तिने एक टेबल लावलं, लायब्ररीत. आता तिला स्वतःला गाडी नेता येत होती, पण मी गेलो. दोन तासांत एका आजीने एक कुलूप घेतलं, आणि ते बागेतल्या अवजारांच्या शेडला चालेल का असं विचारलं. मुलगी म्हणाली, "हो, चालेल." मग तिने बोर्ड उतरवला.

शाळेच्या काउन्सेलर बाई तिला म्हणाल्या की कॉलेज प्रवेशाच्या अर्जातल्या निबंधासाठी याच्याइतका चांगला विषय नाही. नेतृत्व, समाजकार्य, दुःखातून उभं राहणं. घरी येऊन तिने हे आम्हाला सांगितलं, त्यांच्याच आवाजात, नक्कल करत. बायको म्हणाली, "मग लिही ना. खरंच तर केलंयस."

"आई, तो लिहायचा तर शेवटी काहीतरी झालेलं लागतं." तिने डब्यातली चकली घेतली. "काय झालं? टेल मी. काय झालं?"

तिने मराठी शाळेत लहान मुलांना शिकवण्यावर निबंध लिहिला. चांगला होता.

नोव्हेंबरात शाळेकडून पुन्हा तसाच एक ईमेल आला. नववीतला मुलगा होता. कसं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना कळलं. पिस्तूल आईचं होतं. घटस्फोटानंतर एकटी राहते म्हणून तिने घेतलेलं. मुलगी त्या दिवशी शाळेतून आली, अभ्यास केला, जेवली. मी तिच्याभोवती घुटमळत होतो, शेवटी ती म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम फाइन. मला रडू नाही येत आहे. प्लीज असं बघू नकोस." आम्हाला दोघांना रडू येत होतं, तिला नाही, याचीच बायकोला धास्ती बसली.

अंत्यदर्शनाच्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, जाऊ या. बायकोला ताप होता, म्हणून आम्ही दोघंच गेलो. चर्चच्या बाहेरच्या हॉलमध्ये मुलाचे फोटो लावलेले: हातात मासा धरलेला, दात पडलेला, कुत्र्याबरोबर. लांब रांग होती, आणि रांगेच्या टोकाला आई उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होती. बारीकशी बाई, केस नीट विंचरलेले. आम्ही पुढे सरकत होतो. पाच-सहा माणसं राहिली असताना माझ्या मुलीने माझी बाही ओढली.

"मी नाही जाऊ शकत. मी गाडीत बसते."

ती गेली. मला रांगेतून निघता आलं नाही. माझी पाळी आली. त्या बाईंनी माझा हात धरला. त्यांचे हात गरम होते.

"तुमचा मुलगा त्याच्या वर्गात आहे का?"

"मुलगी," मी म्हणालो. "ती मोठी आहे. बारावीत."

"ती आली आहे?"

"आली होती."

"तिला सांगा, मी आभारी आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्या मागच्या माणसाकडे गेली.

बाहेर आलो तर मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. काच धुरकट झाली होती, तिने हाताने एक गोल पुसून घेतला होता. मी दार लावल्यावर ती म्हणाली, "त्या आपल्या टेबलाशी थांबल्या होत्या का? ग्रोसरी स्टोअरमध्ये? किंवा रिंकवर?"

मी आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला. इतके चेहरे गेले होते समोरून, टोप्या, मफलर, हसून पुढे जाणारे.

"नाही आठवत," मी म्हणालो.

"मलाही नाही आठवत," ती म्हणाली. "मी सगळ्यांना बघायचे, बाबा. मला आठवायला हवं होतं."

मी म्हटलं, बेटा, असं कोणालाच आठवणार नाही. त्या पुसलेल्या गोलातून ती आत जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिली, एकेकाच्या चेहऱ्याकडे. हीटर गरम व्हायला वेळ लागत होता. मी गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच उभी ठेवली, आणि मग आम्ही घरी निघालो.